उतरवणारी जहाजं आणि उडणारी विमानं



समुद्र लखनौच्या या सरोजिनी नगरपासून शेकडो मैल लांब आहे. तरीही आज मी नौदलाचा विषय घेऊन तुमच्यापुढे उभा आहे, आणि तो इथेच मांडावा असं मला मनापासून वाटलं. त्याचं कारण तुमच्या शेजारीच आहे. इथून जवळ भटगावला ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचं केंद्र उभं राहिलं. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथून क्षेपणास्त्रांची पहिली खेप रवाना झाली. ती बातमी तुम्ही सगळ्यांनी वाचली असेल, काहींनी तो सोहळा पाहिलाही असेल. त्यानंतर पाच दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, दिल्लीत संरक्षण खरेदी परिषदेनं तिन्ही दलांच्या मिळून सुमारे ७९ हजार कोटी रुपयांच्या प्रस्तावांना मान्यता दिली. त्यात नौदलासाठी ‘लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक’ जातीच्या जहाजांचा प्रस्ताव होता. ही बातमी फारशी कुणी वाचली नाही.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो आज उलगडून सांगायचा आहे.

लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक म्हणजे काय? सैनिक, रणगाडे, ट्रक पोटात घेऊन शत्रूच्या किंवा संकटात सापडलेल्या किनाऱ्यापर्यंत जाणारं मोठं जहाज. याच्या पोटात चक्क एक गोदी असते. मागचं दार उघडून पाणी आत घेतात आणि आतल्या छोट्या होड्या जवानांसह तरंगत बाहेर पडतात. वर सपाट डेक असतो, तिथून हेलिकॉप्टरं उडतात. बंदर नसलं तरी चालतं, धक्का नसला तरी चालतं. याच घराण्यातली सर्वांत मोठी जहाजं अशी, की त्यांचा डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा असतो, आणि लांबून पाहणाऱ्याला ती विमानवाहू नौकाच वाटते. मग प्रश्न आपोआप येतो. एवढा मोठा डेक आहेच, तर त्यावरून लढाऊ विमानं का उडवू नयेत? एकाच जहाजात दोन कामं का करून घेऊ नयेत?

माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला ताटकळत बसावं लागणार नाही. भारतानं हे करू नये. जवान उतरवणारं जहाज जवान उतरवण्यासाठीच बांधावं.

पण हे उत्तर सोपं आहे असं समजू नका. कारण असं दुहेरी जहाज आपल्याकडे होतं. तीस वर्षं होतं. त्याचं नाव आयएनएस विराट.

विराट १९८७च्या मे महिन्यात आपल्या नौदलात आली. तिचा जन्म ब्रिटनमधला, तिथलं नाव हर्मिस. १९५९ साली ती विमानवाहू नौका म्हणून दाखल झाली. १९७१ ते १९७३ या काळात ब्रिटिशांनी तिच्यावरची विमानं फेकणारी कॅटापुल्टं आणि विमानं अडवणाऱ्या तारा काढून टाकल्या आणि तिला कमांडो जहाज केलं. म्हणजे सैनिक आणि हेलिकॉप्टरं वाहणारं जहाज. १९७४ साली सायप्रसमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिनं कमांडो उतरवले, अडकलेल्या लोकांना बाहेर काढलं. पुढे १९८०-८१ मध्ये तिच्या नाकाशी उतार चढवला, ज्याला स्की-जंप म्हणतात, आणि तिच्यावर सी हॅरियर ही आखूड धावून उडणारी, सरळ खाली उतरणारी विमानं आली. साडेसातशे कमांडो नेण्याची सोय मात्र तशीच राहिली. आपल्याकडे आली तेव्हाही तिच्या कुशीला चार लँडिंग क्राफ्ट टांगलेली होती.

एकाच जहाजावर कमांडो आणि जेट विमानं! आज जगभर ज्याची चर्चा चालली आहे ती गोष्ट मुंबईच्या गोदीत आपण रोज पाहत होतो.

मग या जहाजानं आपल्याला काय शिकवलं? १९८९च्या जुलैमध्ये श्रीलंकेचा प्रश्न चिघळला. आपली शांतिसेना तिथे होती, आणि दोन देशांतलं वातावरण बिघडलं होतं. त्या वेळी नौदलप्रमुख होते ॲडमिरल जयंत नाडकर्णी, आपले मराठी नौदलप्रमुख. ऑपरेशन ज्युपिटर सुरू झालं. गढवाल रायफल्सच्या सातव्या बटालियनचे सुमारे साडेतीनशे जवान कोचीच्या समुद्रात हेलिकॉप्टरांनी विराटवर चढवण्यात आले. विराटनं त्या वेळी कमांडो जहाजाचं काम केलं.   

माझा मुद्दा इथेच आहे. विराट दोन्ही कामं करू शकत होती, पण एका वेळी एकच. सैनिक चढले की हँगरमधली जागा त्यांची, डेक हेलिकॉप्टरांचा, वेळापत्रक त्यांच्या फेऱ्यांचं. विमानं उडू लागली की डेक विमानांचा, आणि सैनिकांना तळाशी बसून राहायचं. हा डेकचा आणि घड्याळाचा हिशेब आहे, जहाजावरच्या माणसांच्या कर्तबगारीचा नाही.

आणि याहून मोठी एक गोष्ट आहे. तीही याच जहाजाच्या इतिहासात आहे, आपल्याकडे येण्याआधीच्या.

१९८२ साली फॉकलंडचं युद्ध झालं. हर्मिस ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. तिच्यावर सुरुवातीला १२ सी हॅरियर, दुसऱ्या नौकेवर, इन्व्हिन्सिबलवर, ८. एवढ्या वीस विमानांवर त्या बेटांचं भवितव्य अवलंबून होतं. त्या विमानांनी पराक्रम केला, यात शंका नाही. हवाई झुंजीत एकही सी हॅरियर पडलं नाही. पण ४ मे रोजी अर्जेंटिनाच्या एक्झोसेट क्षेपणास्त्रानं शेफिल्ड ही विनाशिका जाळली, आणि त्या दिवसापासून ब्रिटिश नौसेनापतीसमोर एकच प्रश्न उरला. हर्मिसला कुठे ठेवायचं?

२१ मे रोजी सॅन कार्लोसच्या खाडीत सैन्य उतरायला लागलं. फिअरलेस आणि इंट्रेपिड ही दोन उतरवणारी जहाजं थेट आत शिरली. त्यांना शिरावंच लागलं, कारण गोदीतून निघालेल्या संथ होड्यांना लांबून किनारा गाठायला फार वेळ लागतो. आणि हर्मिस? हर्मिस बेटांच्या पूर्वेला खूप दूर थांबली. ती बुडाली असती तर युद्धच बुडालं असतं. त्या दूर राहण्याची किंमत सी हॅरियरच्या वैमानिकांनी मोजली. लांबून यायचं, किनाऱ्यावर थोडी मिनिटं घिरट्या घालायच्या, इंधन संपत आलं की परत. त्या मधल्या फटीतून अर्जेंटिनाची विमानं आत घुसली. आर्डंट गेली, अँटिलोप गेली, कॉव्हेंट्री गेली. ८ जूनला सर गॅलाहॅडवर बसलेले वेल्श गार्ड्स बाँबहल्ल्यात भाजून निघाले.

आता विचार करा. ज्या हर्मिसमध्ये साडेसातशे कमांडोंची जागा होती, तिला खाडीत नेऊन कमांडो उतरवायची कल्पना कुणी केली का? नाही. कुणी करणारही नव्हतं. विमानं वाहणाऱ्या जहाजाला किनाऱ्यापासून दूर राहावं लागतं. सैनिक वाहणाऱ्या जहाजाला किनाऱ्याजवळ जावं लागतं. जहाज एक असेल तर ते कुठे उभं करायचं? दूर उभं केलं तर जवान उतरणार कसे? जवळ नेलं तर विमानांसकट सगळं पणाला लागणार. हा प्रश्न पैशानं सुटत नाही, तंत्रज्ञानानंही सुटत नाही. तो समुद्रावरच्या जागेचा प्रश्न आहे.

आपल्या इतिहासातही याची खूण सापडते. जंजिऱ्याच्या तटाला रात्रीच्या अंधारात शिड्या लावणाऱ्या लाय पाटलांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. सांगतात, की लाय पाटलांनी आपलं काम चोख केलं, शिड्या लागल्या, पण मागून येणारे धारकरी वेळेत पोहोचले नाहीत आणि पहाटेच्या आत शिड्या काढून घ्याव्या लागल्या. शिवाजी महाराजांनी पालखी दिली तेव्हा पाटील म्हणाले, दर्यावरच्या माणसाला पालखी काय करायची. मग महाराजांनी ‘पालखी’ नावाचं गलबतच बांधून दिलं. किनाऱ्यावर सैनिक चढवणं ही सगळ्या युद्धकलेतली नाजूक गोष्ट आहे. तिथे घटका चुकली की मोहीम फसली. ज्या जहाजावर हे काम सोपवायचं त्याच्या कप्तानाच्या डोक्यात त्या दिवशी दुसरं काही असता कामा नये.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकू. त्यांचं म्हणणं हलकं नाही.

अमेरिकेकडे अशी जहाजं आहेत आणि ती त्यांवरून विमानं उडवते. १९९१च्या आखाती युद्धात नॅसॉ या जहाजावरून हॅरियर उडाले. २००३ साली इराकच्या वेळी बॅटान आणि बॉनोम रिचर्ड या दोन जहाजांना जवळजवळ हॅरियरवाहू करून टाकलं. २०१८च्या सप्टेंबरमध्ये एसेक्सवरून उडालेल्या एफ-३५बी विमानांनी अफगाणिस्तानात हल्ला केला, आणि २०२२ साली ट्रिपोलीच्या डेकवर अशी वीस विमानं एकत्र आणून दाखवली. स्पेनकडे हुआन कार्लोस आहे, इटलीकडे त्रिएस्ते. जपानची इझुमो आणि कागा ही जहाजं या जातीची नाहीत, पण त्यांनाही आता एफ-३५बीसाठी सज्ज केलं जात आहे. एवढे शहाणे लोक चुकतात का?

चुकत नाहीत. पण त्यांची कारणं आपली नाहीत. स्पेनकडे वेगळी विमानवाहू नौका नाही. जे आहे त्यात भागवणं त्याला भाग आहे, आणि त्याला मी दोष देणार नाही. अमेरिकेकडे अकरा अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौका आहेत. तिच्यासाठी ही वीस विमानं म्हणजे वरकड. आणि अमेरिकेनं काय केलं ते नीट पाहा. ‘अमेरिका’ आणि ‘ट्रिपोली’ या नावांच्या दोन जहाजांमध्ये त्यांनी पोटातली गोदीच काढून टाकली, त्या जागी मोठा हँगर आणि विमानांचं इंधन. म्हणजे उतरवणाऱ्या जहाजानं आपलं पोटच देऊन टाकलं. मग काय झालं? त्याच मालिकेतल्या तिसऱ्या जहाजात, बूगनव्हिलमध्ये, गोदी परत आणली. ज्यांनी हा प्रयोग सर्वांत मोठ्या खर्चानं केला तेच मागे फिरले. याहून स्पष्ट साक्ष मी कुठून आणू?

आणि बॉनोम रिचर्ड? १२ जुलै २०२० रोजी सॅन दिएगोच्या धक्क्याला दुरुस्ती चालू असताना तिला आग लागली. ती चार दिवस धुमसत होती. ज्या जहाजाला एफ-३५बीसाठी तयार केलं जात होतं, ते शेवटी भंगारात काढावं लागलं. युद्ध नाही, शत्रू नाही, आणि एका आगीत सैन्य उतरवण्याची आणि विमानं उडवण्याची, अशा दोन क्षमता एकदम गेल्या.

अशा आखूड डेकवरून उडून सरळ खाली उतरणारं लढाऊ विमान आज जगात एकच बनतं, ते म्हणजे एफ-३५बी. दुसरं नाही. म्हणजे असं जहाज बांधणं म्हणजे एका देशाच्या एका विमानावर सगळं ओवाळून टाकणं. तुर्कस्ताननं तेच केलं. अनादोलू हे जहाज त्यांनी या विमानाच्या आशेवर बांधलं. मग त्यांनी रशियाची एस-४०० यंत्रणा घेतली आणि २०१९च्या जुलैमध्ये अमेरिकेनं त्यांना या विमानाच्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. जहाज तयार, स्की-जंप तयार, विमान नाही. एस-४०० आपणही घेतली आहे, हे विसरू नका.

आणि हे विमान सांभाळायचं कसं, हे आपण आपल्याच भूमीवर पाहिलं. १४ जून २०२५ रोजी ब्रिटनच्या प्रिन्स ऑफ वेल्स या नौकेवरचं एक एफ-३५बी इंधन कमी पडल्यामुळे तिरुवनंतपुरमला उतरलं. मग त्यात हायड्रॉलिक बिघाड निघाला. खास ब्रिटनहून अभियंते आले, आणि ते विमान उडालं २२ जुलैला. केरळच्या लोकांनी त्यावर विनोद केले, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एवढं नाजूक यंत्र, आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात. असं यंत्र आपण निकोबारच्या समुद्रात कसं पोसणार?

सरळ उतरणाऱ्या विमानांचा आपला स्वतःचा अनुभव सांगायलाच हवा. १९८३च्या डिसेंबरमध्ये गोव्यात दाबोळीला सी हॅरियर आली. आयएनएएस ३०० या स्क्वाड्रनचे पहिले सारथी अरुण प्रकाश, पुढे ते नौदलप्रमुख झाले. आपण सुमारे तीस विमानं घेतली, आणि निम्म्याहून अधिक अपघातांत गेली. वैमानिकही गेले. ११ मे २०१६ रोजी गोव्यात ती निवृत्त झाली. ज्यांनी ती उडवली त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांनी इतकी वर्षं प्राण पणाला लावून मिळवलेला अनुभव आपल्याला हेच सांगतो, की हवेत थांबून उतरणारं विमान पोसणं फार महागाचं असतं.

विराटविषयी एक वाक्य बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं तरंगतं संग्रहालय करायला ८५२ कोटींची मंजुरी दिली होती. ते झालं नाही. २०२०च्या सप्टेंबरमध्ये तिला मुंबईहून अलंगला ओढत नेलं आणि तोडलं. याउलट आयएनएस गोमती ही फ्रिगेट पाहा. ती मुंबईत माझगाव डॉकला बांधलेली, पण नाव तुमच्या नदीचं. तिच्या निवृत्तीनंतर तिचे भाग लखनौला जपायचं ठरलं. हे शहर समुद्रापासून इतकं दूर असून एका फ्रिगेटची आठवण ठेवतं, आणि आम्ही किनाऱ्यावरची माणसं विराटला वाचवू शकलो नाही.

असो. मग भारतानं काय करावं?

पहिली गोष्ट, विमानवाहू नौका आपल्याकडे दोन आहेत. विक्रमादित्य आणि कोचीत बांधलेली विक्रांत. दोन्हींवर मिग-२९के आहेत, आणि २८ एप्रिल २०२५ रोजी नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार झाला. नौकेवर ही विमानं तारांनी अडवून उतरवावी लागतात. उतरवणाऱ्या जहाजाच्या डेकवर ती उतरूच शकत नाहीत. म्हणजे किनाऱ्यावर उतरणाऱ्या जवानाच्या डोक्यावर छत्र धरायचं काम विक्रांतचं. तिनं दूर राहावं, दूरवर पाहावं. उतरवणाऱ्या जहाजानं पुढे जावं. १९७१च्या डिसेंबरमध्ये बांगलादेश युद्धात जुन्या विक्रांतच्या सीहॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव झोडपलं, आणि मग घडियाल, गुलदार या जहाजांनी कॉक्स बझारच्या दक्षिणेला गुरखा जवान उतरवायचा प्रयत्न केला. आकाश आपलंच होतं. तरी ते उतरवणं फसलं, कारण समोरच्या वाळूच्या दांड्यांचा अंदाज चुकला आणि काही जवान खोल पाण्यात पडून बुडाले. तिथे कमी पडलं ते विमान नव्हतं. कमी पडलं ते उथळ पाण्यात शिरणारं योग्य साधन, किनाऱ्याची पाहणी, आणि सैनिक थेट पलीकडे नेणारी हेलिकॉप्टरं.

दुसरी गोष्ट ब्रह्मोसची. ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगानं जाणारं हे क्षेपणास्त्र तुमच्या शेजारी तयार होतं. आपल्या विनाशिकांवर ते बसवलेलं आहे. किनाऱ्यावरच्या रडारवर, तोफांवर, दारूगोळ्यावर पहिला घाव घालायला आता प्रत्येक वेळी विमान लागत नाही. पण हेच दुसऱ्या बाजूनंही पाहा. जे आपण करू शकतो ते शत्रूही करू शकेल. अशा क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात शिरणारं जहाज जितकं मोठं आणि महागडं, तितका त्याच्या कप्तानाचा हात आखडणार. आपल्याला हात न आखडणारी जहाजं हवीत.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २६ डिसेंबर २००४ आठवा. सुनामीनं कार निकोबारचा हवाई तळच उद्ध्वस्त केला. बेटांवरचे धक्के मोडले. पोटात गोदी असलेलं जहाज त्या दिवशी आपल्याकडे नव्हतं. पुढे २००७ साली अमेरिकेचं जुनं ट्रेंटन विकत घेऊन आपण त्याला जलाश्व नाव दिलं. २०२०च्या मे महिन्यात करोनाच्या काळात मालदीवहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं ते याच जलाश्वनं. १९७१ साली अमेरिकी नौदलात दाखल झालेलं हे जहाज आजही आपलं या जातीचं एकमेव जहाज आहे. एकमेव! चार नवी जहाजं बांधायची असा विचार २०११ पासून चालला आहे. २०१३ साली निविदा निघाली; त्यात स्पेनच्या हुआन कार्लोसवर बेतलेला आराखडाही आला होता, म्हणजे स्की-जंप असलेल्या जहाजाचा. ती निविदा २०२० साली रद्द झाली. २०२१ साली पुन्हा विचारणा. आता २०२५ साली गरज मान्य झाली आहे. फक्त गरज.

अशा वेळी जर कुणी म्हणालं, ‘थोडा डेक वाढवा, थोडा उतार द्या, उद्या विमानं येतील,’ तर त्या एका वाक्यापायी आणखी किती वर्षं जातील? आराखडा बदलणार, डेक एफ-३५बीच्या झोताची उष्णता सोसण्यासाठी वेगळा लेप मागणार, इंधनाच्या टाक्या वाढणार, किंमत वाढणार, आणि फाइल परत मागे येणार.

ड्रोनचं काय, असं तरुण मंडळींपैकी कुणी विचारील, आणि विचारायलाच हवं. तुर्कस्ताननं विमान मिळेना म्हणून अनादोलूवरून टीबी-३ ड्रोन उडवायला सुरुवात केली, २०२४च्या नोव्हेंबरमध्ये. चीननं त्याच वर्षी २७ डिसेंबरला सिचुआन नावाचं जहाज पाण्यात सोडलं. त्यावर ड्रोनसाठी विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट आहे. त्यातून शिकण्यासारखं आहे. किनाऱ्यावर नजर ठेवणारे, जवानाच्या पुढे जाऊन वाळूचे दांडे आणि खंदक पाहणारे ड्रोन आपल्या जहाजांवर हवेतच. ते हलके असतात, गोदीची जागा खात नाहीत. सिचुआनसारखं कॅटापुल्ट मात्र आज मागू नये. आधी चार साधी जहाजं.

आणि त्या चार जहाजांच्या डेकवर उभी राहणारी हेलिकॉप्टरं आजच मागावीत. जलाश्वबरोबर सहा यूएच-३एच सी किंग आली होती. ती २०२१च्या जूनमध्ये निवृत्त झाली. कमांडो वाहण्यासाठी आणलेली सी किंग ४२सी ही १९८०च्या दशकातली. नवी हेलिकॉप्टरं कुणासाठी हवीत, तेही सांगतो. याच सरोजिनी नगरात १९६० साली सैनिक स्कूल सुरू झालं, आमच्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलच्या आधी एक वर्ष. कारगिल युद्धातले वीर कॅप्टन मनोज पांडे त्याच शाळेतले. अशा शाळांतून निघालेला एखादा तरुण उद्या मरीन कमांडो होऊन किंवा सैन्याच्या उभयचर ब्रिगेडमध्ये जाऊन अंदमानच्या समुद्रात अशा जहाजाच्या डेकवर उभा असेल. त्याला समोरच्या किनाऱ्यावर न्यायचं आहे. त्याच्यासाठी हेलिकॉप्टर कोणतं, किती, आणि कधी, हा प्रश्न मी संरक्षण मंत्रालयाला लेखी विचारला आहे, आणि तुमच्या लोकप्रतिनिधींनी तो लोकसभेत विचारावा अशी माझी तुम्हाला विनंती आहे.